शाळेचा आनंदमेळा, परक्याचा स्कॅनर आणि आमचे ९३,१४१ रुपये

एका भामट्याने आमच्या शाळेच्या आनंदमेळ्याचे पैसे लुबाडले, त्याची ही गोष्ट. आधी आकडे, म्हणजे ज्यांना एवढंच वाचायला वेळ आहे त्यांनी वाचावं आणि सावध व्हावं. 'नोंदणी शुल्क' ५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९००, असे ५,९००. स्कॅनर, म्हणजे पैसे भरायचा क्यूआर कोड, चालतो का हे बघायला टाकलेला १ रुपया. आणि मेळ्याच्या संध्याकाळी पालकांनी कूपनं घेताना त्याच स्कॅनरवर भरलेले ८७,२४०. बेरीज ९३,१४१.

जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे आमचं. नाव लिहीत नाही, कारण शाळेचा यात काडीचा दोष नाही आणि गावात चर्चा आधीच पुरेशी झाली आहे. मी पालक-शिक्षक संघाचा खजिनदार. धंदा ठिबकच्या नळ्यांचा आणि मोटारींचा. गल्ल्यावर रोज स्कॅनरच चालतो, त्यामुळे येणारा प्रत्येक गिऱ्हाईक तोंडावर विचारतो, "भाऊ, तुमच्यासारख्याला कसं गंडवलं?" कसं ते सांगतो. वाचून झाल्यावर स्वतःच्या मनाला विचारा, तुम्ही सुटला असता का.

वार्षिक परीक्षा संपली की एप्रिलअखेर आनंदमेळा घ्यायचा आणि त्या पैशातून धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरच्या पोरांना जूनच्या आत दप्तरं, रेनकोट आणि चपला द्यायच्या, एवढी साधी गोष्ट ठरली होती. दिवसा पारा ४४ वर, म्हणून वेळ संध्याकाळी साडेपाचची. मंडपवाला, कूलर, पाण्याचे जार, सगळं ठरलं होतं. आठवीच्या मुलींनी यावलहून केळीचे वेफर्स आणायचं पक्कं केलं होतं, कुणाच्या आईचा दालबट्टीचा स्टॉल, कुणाची बिबड्या-पापडाची टोपली. हे सगळं आमच्या आम्ही करत होतो आणि नीट करत होतो.

मग एका शिक्षकांच्या ओळखीतल्या ओळखीने तो आला. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात फाईल, एका ट्रस्टचा 'प्रकल्प समन्वयक'. म्हणाला, तुम्ही जेवढे जमवाल तेवढीच रक्कम एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीतून, घालणार. लाखाचे दोन लाख. अट एकच, पैसे थेट ट्रस्टच्या खात्यात ऑनलाइन पडले पाहिजेत, रोख रक्कम कंपनीच्या ऑडिटरला चालत नाही. शिवाय प्रत्येक पालकाला आयकरात सूट देणारी ८०जीची पावती. शाळेच्या खात्यात पैसे आले तर तुम्हालाच हिशेबाचा ताप, हेही वर.

आता कुणी म्हणेल, दुप्पट म्हटल्यावर तिथेच ओळखायला हवं होतं. अहो, दामदुप्पट मला मिळणार नव्हती, पाड्यावरच्या पोरांना मिळणार होती! स्वतःच्या लोभाला माणूस लगाम घालतो. दुसऱ्याच्या भल्याचा लोभ असतो तेव्हा लगाम आठवतही नाही, आणि हे त्या हरामखोराला पक्कं माहीत होतं. लेटरहेडवरचा नोंदणी क्रमांक मी तपासला होता, हे ठळक लिहून ठेवा. 'एफ' अक्षराचा, पुढे जिल्ह्याचं नाव. तो खरा निघाला. ट्रस्ट खरा आहे, दुसऱ्या जिल्ह्यात त्याचं काम चालू आहे, आणि त्यांना या माणसाचा पत्ताही नाही. कागद खरा, तो धरणारा खोटा. क्रमांक तपासून थांबू नका. संस्थेचा फोन स्वतः शोधा आणि विचारा, "हा माणूस तुमचा का?" त्याने दिलेल्या नंबरवर विचारलंत तर त्याचाच भाऊ उचलेल.

५,९०० मी शाळेच्या वतीने माझ्या खात्यातून दिले. जीएसटी लावला आणि कागदावर जीएसटी नंबर नाही. विचारलं तर म्हणे हे प्रोफॉर्मा आहे, टॅक्स बिल मागून येईल. धंद्यात असं रोज होतं, त्यामुळे तेही गिळलं.

पण खरी वेळ होती मेळ्याच्या आदल्या दिवशीची. ती आठवली की अजून झोप उडते.

शिक्षकांच्या खोलीत टेबलावर त्याने तो लॅमिनेट केलेला स्कॅनर ठेवला. वर ट्रस्टचं नाव मोठ्या निळ्या अक्षरांत, खाली दोन मुलांचा हसरा फोटो. मी म्हटलं, एक रुपया टाकून बघतो. मोबाईल धरला. पडद्यावर वर ट्रस्टचं नाव आलं, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत बँकेतलं नाव आलं, ते एका बाईचं. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. ट्रस्ट नाही, संस्था नाही, फाउंडेशन नाही. आमचे शिपाईमामा खांद्यावरून बघत होते, ते पटकन बोलले, "भाऊ, हाई बाईनं नाव कसं काय उनं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो एक क्षणही अडखळला नाही. "आमच्या खजिनदार मॅडम. ट्रस्टचं चालू खातं केवायसीत अडकलंय, तोवर ठराव करून त्यांच्या खात्यात घेतोय." फाईल उघडून ठराव दाखवला, गोल शिक्क्यासकट. मुख्याध्यापक म्हणाले बरं, शिक्षक म्हणाले बरं, मी पिन टाकला. एक रुपया गेला. केवायसी कुणाची अडकत नाही? माझ्या स्वतःच्या दुकानाची अडकली होती! उद्या चारशे पोरं येणार, मंडपवाला बाहेर बांबू टाकतोय, कूपनं छापून झालीत, अशा वेळी कोण म्हणणार की थांबवा सगळं? पण मामांनी विचारलं होतं. शाळेची घंटा वाजवणाऱ्या माणसाला जे खटकलं त्यावर आम्ही सगळे शिकले-सवरलेले "ठराव आहे ना" म्हणून मोकळे झालो.

पडद्यावर दिसणारं बँकेतलं नाव हेच खरं नाव. वर छापलेलं काहीही असू शकतं. संस्थेचे पैसे कुणा माणसाच्या खात्यात जात असतील तर ठराव, शिक्का, फोटो सगळं चुलीत घाला.

मेळा झकास झाला, हीच तर चीड आहे. कूपनाच्या टेबलापुढे रांग, प्रत्येकजण हिरवी खूण दाखवून कूपन नेतोय. पैसे आले की बोलणारा डबा का नाही, असं एकाने विचारलं, तर गोंगाटात ऐकू येत नाही म्हणून आणला नाही, असं त्याचं उत्तर. रोख ४१,३६० आमच्याकडे जमले, त्यातून मंडप-लाईट-कूलरचे २२,५०० आणि सामानाचे ६,३०० गेले. पोरांसाठी उरले १२,५६०.

पावत्या सोमवारी येणार होत्या, मग शुक्रवारी. एक नमुना तेवढा व्हॉट्सअ‍ॅपवर आला. सीए असलेल्या माझ्या साडूने तो पाहिला आणि विचारलं, "यातल्या पॅनचं चौथं अक्षर बघ." पी होतं. पी म्हणजे व्यक्ती. ट्रस्टचा असेल तर तिथे टी लागतो, कंपनीला सी. शिवाय भेळ खाऊन ८०जी मिळत नसते, मोबदला घेतला की ती देणगीच नव्हे, हेही तेव्हा कळलं. आणि सीएसआरसाठी संस्थेची सरकारकडे सीएसआर-१ नोंदणी लागते, शाळेकडून फी कुणी घेत नाही. संध्याकाळपर्यंत त्याचा फोन बंद.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नोंदली, पोचक्रमांक आला. तुमच्यावर वेळ आली तर पहिल्या तासात लावा, "आधी त्याला एकदा विचारून बघू" हा सभ्यपणा करू नका. त्या सभ्यपणात आमचे पैसे चार खाती फिरून गेले.

खरी शोभा पुढे. पोलिस ठाण्यात साहेबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तक्रारदार कोण?" मी म्हटलं, मी, संघाचा खजिनदार. "तुमचे किती गेले?" ८७,२४० अधिक... "ते पालकांचे. तुमच्या खात्यातून किती गेले?" ५,९०१. "मग ५,९०१ ची द्या." बाकीच्यांचं काय? ज्याच्या खात्यातून गेले त्याने यावं! म्हणजे जिने साठ रुपयांची पाणीपुरी आणि रिंग टाकायचा खेळ घेतला त्या बाईने काम सोडून ठाण्यात यायचं, व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक द्यायचा, जबाब द्यायचा. मी घरोघर फिरलो. लोक हसून म्हणतात, "जाऊ द्या भाऊ, साठ रुपयांसाठी पोलिसात नाव?" त्या साठ-साठ रुपयांचेच ८७,२४० झाले, हे कुणाच्या गळी उतरत नाही.

दुसऱ्या खेपेला वेगळेच साहेब. त्यांनी उलट मलाच विचारलं, धर्मादाय आयुक्तांची कलम ४१क ची परवानगी घेतली होती का? मदतीसाठी पैसे गोळा करायचे तर ती लागते. घ्या! चोर परराज्यातल्या खात्यात बसलाय आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मी. फसवणुकीची कलमं, भारतीय न्याय संहितेचं ३१८ आणि आयटी कायद्याचं ६६ड, मी साडूकडून लिहून नेलं होतं. साहेबांनी कागद वाचला, घडी घातली आणि पेनच्या डब्याखाली सरकवला. "खातं बाहेरच्या राज्यातलं आहे, पत्र पाठवतो." पत्र गेलं का विचारलं की टपाल बघणारा रजेवर.

बँकेत गेलो तर काचेमागचा पोरगा म्हणतो, पिन तुम्ही स्वतः टाकलात, बँकेची जबाबदारी नाही. अरे, मी कुठे तुझ्याकडून पैसे मागतोय, तुझ्याच बँकेत त्या बाईचं खातं आहे ते उघडताना कोण होतं एवढं सांग! तर ते गोपनीय. चोराची गोपनीयता सांभाळायला माणूस आहे, माझा अर्ज घेऊन पोच द्यायला नाही. शिक्का मारणारी मॅडम जेवायला गेली होती, साडेअकराला.

आतापर्यंत ४,३१६ रुपये एका खात्यात गोठवलेत म्हणे. ते सोडवायला कोर्टात जावं लागलं तर वकिलाची फी त्यापेक्षा जास्त.

येत्या मोसमात मेळा घेणार असाल तर स्कॅनर शाळेच्याच खात्याचा लावा, बोलणाऱ्या डब्यासकट, आणि संध्याकाळी बँकेचा उतारा काढून कूपनांच्या अर्ध्या पट्ट्यांशी जुळवा. संस्थेला द्यायचे ते नंतर धनादेशाने द्या, संस्थेच्या नावावर, रेघा मारून.

त्या माणसाचं बोलणं एकदम स्वच्छ पुस्तकी, मध्येच खान्देशी 'भाऊ' पेरलेला. जूनमध्ये वह्यावाटपाच्या नावाने तो धुळे-नंदुरबारकडे फिरेल असा माझा अंदाज आहे. कुणाला असा लॅमिनेट केलेला स्कॅनर किंवा पी अक्षराच्या पॅनची पावती मिळाली असेल तर आपापल्या ठाण्यात तक्रार द्या आणि तिचा क्रमांक मला कळवा. साहेब म्हणाले, तीन-चार ठाण्यांच्या तक्रारी जुळल्या तर प्रकरण वर पाठवता येईल.