तयार खातं विकत घेऊ नका: 600 रुपयांच्या जीमेलचा अनुभव

ऑगस्ट 2004 मध्ये मी पुण्यात 600 रुपये रोख मोजून जीमेलचं खातं विकत घेतलं. जीमेल तेव्हाही फुकटच होतं. पाच महिन्यांनी ते खातं हातचं गेलं आणि त्याच्याबरोबर जे गेलं ते आजतागायत मिळालेलं नाही. घरच्यांखेरीज ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगितली नव्हती. गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला, "काका, एका नव्या अ‍ॅपचं खातं पाचशे रुपयांत मिळतंय. बाकीच्यांना अजून कितीतरी थांबावं लागणार आहे. घेऊन टाकू का?" त्याच्या बोलण्यातली घाई माझ्या ओळखीची होती, म्हणून आता सगळं लिहून काढतोय.

माझी घाई वेगळ्या कारणाची होती. ताई लग्नानंतर न्यू जर्सीला गेली आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये तिला मुलगी झाली. ती बाळाचे फोटो पाठवायची. आमच्या फुकटच्या मेलपेट्या तेव्हा इवल्याशा होत्या. हॉटमेल 2 एमबी द्यायचं, याहू 4 एमबी. दोन फोटो आले की पेटी भरायची, तिसरा फोटो ताईकडे परत जायचा आणि त्यात एखाद्या नोकरीसाठी आलेली मेलही परत गेलेली असायची. आठवड्यातून दोनदा सायबर कॅफेत जाऊन, तासाला वीस रुपये भरून, मी निम्मा वेळ जुन्या मेल पुसण्यात घालवायचो.

अशात गूगलने 1 एप्रिल 2004 ला 1 जीबीची मेलसेवा जाहीर केली. तारीख बघून अनेकांना ती एप्रिल फूलची गंमत वाटली होती. पण सेवा खरी होती, फक्त सगळ्यांसाठी उघडी नव्हती. सुरुवातीला साधारण हजारभर लोकांना खातं मिळालं आणि पुढे त्यांनी बोलावलं तरच दुसऱ्याला आत येता यायचं. अशी निमंत्रणं प्रत्येकाकडे मोजकीच असायची. लगेच बाजार उभा राहिला. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर एकेक निमंत्रण शंभर डॉलरच्याही वर गेलं. तेव्हाच्या दराने हे साडेचार हजार रुपये होतात. माझा त्या वेळचा पगार सात हजार होता.

तेव्हा मला कुणी सांगितलं नाही ते आधी सांगतो. मी पैसे मोजले त्या ऑगस्टपर्यंत तिकडचा भाव पार उतरला होता. प्रत्येक खातेदाराला जास्त निमंत्रणं मिळू लागली होती आणि लोक ती एखाद्या पोस्टकार्डाच्या बदल्यात किंवा अगदी फुकटही देत होते. इराकमधल्या अमेरिकी सैनिकांना घरी फोटो-पत्रं पाठवता यावीत म्हणून निमंत्रणं गोळा करून वाटणारेही होते. शिवाय जूनच्या अखेरीस गूगलने नियमांत बदल करून खाती विकायला मनाई केली होती. म्हणजे मी जे विकत घेतलं ते विकायलाच बंदी होती.

टिळक रस्त्याजवळच्या एका कॅफेत एक मुलगा नेहमी बसलेला असायचा. पंचविशीचा, नीटनेटका, बोलायला गोड. मालकाचा भाऊ असावा असं मला वाटायचं, कारण तो कधीकधी गल्ल्यावरही बसायचा. त्याने माझी धडपड पाहिली होती. एकदा शेजारची खुर्ची ओढून म्हणाला, "सर, किती दिवस पुसत बसणार? जीमेल घ्या ना." मी म्हटलं, "निमंत्रण आहे तुमच्याकडे?" तो म्हणाला, "निमंत्रणाची भानगडच नको. मी रेडी आयडी देतो. तुमच्या नावाचा, पुढेमागे आकडा नसलेला."

त्याने एक लांबोडकी वही काढली. वाण्याकडे उधारीची असते तशी. पानं आखलेली, डाव्या बाजूला नावं, उजवीकडे भाव. जोशी, कुलकर्णी, पाटील, देशमुख, शिंदे, आणि प्रत्येक आडनावाला चार-पाच चलतीची पहिली नावं जोडलेली. ज्या नावांपुढे बरोबरची खूण होती ती विकली गेलेली. माझं नाव आणि आडनाव तिथे जोडीने लिहिलेलं होतं आणि पुढे 600. त्या क्षणी मला फार बरं वाटलं, हे खरं सांगतो. एवढ्या मोठ्या शहरात आपलं नाव कुणीतरी आपल्यासाठी राखून ठेवलंय असं वाटलं. वास्तविक ते माझ्यासाठी नव्हतंच. त्या नावाचा जो कुणी पहिला येईल त्याच्यासाठी होतं.

खरी मेख इथेच आहे. निमंत्रण म्हणजे एक दुवा. त्यावरून आपण स्वतः खातं उघडतो. पासवर्ड आपला, विसरल्यावर विचारला जाणारा गुप्त प्रश्न आपला, पर्यायी मेलचा पत्ताही आपला. निमंत्रणासाठी कुणी जास्त पैसे उकळले तर तेवढे पैसे जातात आणि विषय संपतो. तयार खात्याचं तसं नाही. ते दुसऱ्याने उघडलेलं असतं. विकणारा आपल्या हातात फक्त पासवर्ड देतो आणि आपल्याला वाटतं, पासवर्ड बदलला की झालं. मीही तेच केलं. त्याच्यासमोरच बदलला आणि तो मान वळवून बसला, आपण बघत नाही हे दाखवायला. त्याला बघायची गरजच नव्हती. गुप्त प्रश्नाचं उत्तर त्याचं होतं आणि पर्यायी पत्ता म्हणून त्याचीच दुसरी मेलपेटी दिलेली होती. पासवर्ड विसरलो असं त्याने कधीही कळवायचं, की नवा पासवर्ड ठरवायचा दुवा थेट त्याच्याकडे. खात्याची ही माहिती असलेलं पान मी उघडूनही पाहिलं नाही.

पाच महिने खातं उत्तम चाललं. याच महिन्यांबद्दल लिहिणं मला जड जातं.

बाबा निवृत्त शिक्षक. संगणकाला हात लावायचे नाहीत, पण दर रविवारी माझ्याबरोबर कॅफेत यायचे आणि ताईला पत्र सांगायचे. मी टाइप करायचो. तिथल्या संगणकांवर देवनागरीची सोय नव्हती, त्यामुळे सगळी मराठी इंग्रजी अक्षरांत. "अनेक आशीर्वाद" लिहून झालं की बाबा चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ वाकायचे आणि 'शी'साठी नेमकी कुठली अक्षरं टाकलीस म्हणून विचारायचे. ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही म्हणून त्यांना राग यायचा. नातीचं नाव काय ठेवावं यावर त्यांनी तीन पत्रं सांगितली. आपल्या आजीने म्हटलेली ओवी आठवली तशी सांगितली, मध्ये एक ओळ आठवेना तर पुढच्या रविवारी तेवढी ओळ वेगळी पाठवली. सगळं मिळून अठरा-एकोणीस पत्रं झाली असतील. सगळी त्या 1 जीबीत. जागा अमाप होती, पुसायची गरज नव्हती, म्हणून दुसरीकडे कुठे उतरवून ठेवायचं डोक्यातच आलं नाही.

जानेवारी 2005 मधल्या एका सकाळी पासवर्ड चालेना. बोट चुकलं असेल म्हणून पाच-सहा वेळा टाकून पाहिला. मग गुप्त प्रश्न पुढे आला तो असा: माझी पहिली शाळा कोणती? 'माझी' म्हणजे त्या मुलाची. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. धावत कॅफेत गेलो. मालक म्हणाला, तो आमचा कुणी नव्हे, दिवाळीनंतर आलेलाच नाही, तुमच्यासारखे आणखी दोघे येऊन गेले. पोलीस चौकीवर गेलो, पण तक्रारीत काय लिहायचं तेच मला मांडता येईना. वस्तू फुकटची, पावती नाही, खातं माझ्या नावाचं पण उघडलेलं दुसऱ्याने. कंपनीला कळवावं तर खातं कोणत्या दिवशी उघडलं हेदेखील मला ठाऊक नव्हतं. मी तसाच परत आलो.

शेवटी जुन्या मेलपेटीतून मी माझ्याच पत्त्यावर लिहिलं: हे खातं माझं आहे, आपण कोण?

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. लिहिणारे गृहस्थ नाशिकचे. नाव माझंच, आडनावही माझंच. त्यांनी दहा दिवसांपूर्वी हे खातं 500 रुपयांना घेतलं होतं. पण तुमचा पत्ता वेगळा आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पत्त्यात नाव आणि आडनावाच्या मध्ये टिंब होतं, माझ्यात नव्हतं. जीमेल टिंब मोजत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. टिंब घाला, काढा, कुठेही हलवा, पत्ता एकच. त्या मुलाने खातं माझ्याकडून परत घेतलं, आतलं सगळं पुसलं आणि मध्ये एक टिंब घालून दुसऱ्या नामसाधर्म्यवाल्याला नवं म्हणून विकलं.

गृहस्थ सज्जन निघाले. त्या दहा दिवसांत आलेल्या माझ्या अकरा मेल त्यांनी पाठवून दिल्या. ताईची एक मेल होती, बाबांना लिहिलेली. त्यावर त्यांनी आवर्जून लिहिलं, "पहिल्या दोन ओळींवरून घरगुती आहे हे कळलं, पुढे वाचली नाही, क्षमस्व." एक मेल मुलाखतीच्या बोलावण्याची होती. मुलाखतीची तारीख चार दिवसांपूर्वी उलटून गेली होती. जुन्या मेल मात्र त्यांच्या हाती आल्याच नव्हत्या, खातं मिळालं तेव्हा कोरं होतं. खातं परत देतो म्हणाले. मी नको म्हटलं. ज्याने उघडलं त्याच्या मनात येईल तेव्हा ते पुन्हा जाऊ शकत होतं, मग आमच्यापैकी कुणाकडे का असेना. प्रश्न आणि पर्यायी पत्ता दोन्ही लगेच बदला एवढं मी त्यांना कळवलं आणि महत्त्वाचं काही तिथे ठेवू नका असंही.

ताईकडची पत्रंही राहिली नव्हती. तिची पेटी लहान, बाळाच्या फोटोंसाठी जागा करायला तिने वाचून झालेली पत्रं पुसली होती. "तुझ्याकडे आहेतच ना," असं ती फोनवर म्हणाली होती. बाबा त्याच वर्षी आषाढात गेले.

फेब्रुवारी 2005 मध्ये गूगलने एकेका खातेदाराला 50 निमंत्रणं दिली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला त्यातलं एक बसल्या जागी पाठवलं, बाकीची कुणाला द्यायची हा त्याला प्रश्नच पडला होता. नाव-आडनावापुढे जन्मसाल लावून मी जे खातं उघडलं ते आजही चालू आहे. आणि फेब्रुवारी 2007 मध्ये तर निमंत्रणाची अटच गेली, सेवा सगळ्यांना खुली झाली. ज्यासाठी मी 600 रुपये दिले ते मला सहा महिने थांबून फुकट मिळालं असतं.

आता ही वही मोबाइलवर आली आहे. कधी नव्या अ‍ॅपचं, कधी नव्या एआय साधनाचं खातं. भाषा तीच: रेडी आयडी, मर्यादित, आजचाच भाव. हल्लीच्या खात्याला मोबाइल नंबर जोडलेला असतो, तो विकणाऱ्याचा, आणि त्यावरच ओटीपी जातो. अशा खात्यात तुम्ही आपले फोटो, कागदपत्रं, कार्डाचा तपशील भरत असाल तर ते दुसऱ्याच्या कपाटात ठेवताय हे समजून घ्या. आधीच घेऊन बसला असाल तर आज रात्रीच आतलं सगळं उतरवून घ्या, जोडलेला नंबर आणि पर्यायी पत्ता तपासा आणि ते बदलता येत नसतील तर खातं सोडून द्या. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर लगेच फोन करा. त्या काळी आम्हाला असा नंबरच नव्हता. रक्कम लहान आहे म्हणून लाजू नका, मी लाजलो होतो.

पुतण्याला मी एवढंच सांगितलं, की त्या माणसाला विचार, "खातं नको, फक्त निमंत्रणाचा कोड दे, मी माझ्या नंबरवरून स्वतः उघडतो." त्याने विचारलं. उत्तर अर्ध्या मिनिटात आलं, त्याने मला ते जसंच्या तसं पाठवलं: "कोड नाही मिळणार भाऊ, रेडी आयडीच आहे. पासवर्ड नंतर बदलून घे."