वजन आकडा की मजकूर? पायथनमध्ये तपासणी कुठली लावावी

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यांसाठी पट्टी (मालाच्या रकमेचा हिशेब) काढायची छोटी स्क्रिप्ट पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून दिली होती. काट्यावरची वजनं सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) क्विंटलमध्ये यायची, भाव मी आतच लिहिला होता, १८५०. पहिल्याच दिवशी शेठचा फोन: "भाऊ, हाई काय शे?" (हे काय आहे?) रकमेच्या जागी १२१२१२१२… असं पानभर! सीएसव्हीतून वाचलेलं १२ हा पायथनच्या लेखी मजकूर, आणि मजकुराला पूर्णांकाने गुणलं की तो तितक्या वेळा एकापुढे एक लिहिला जातो. भाव १८५०.५० असता तर स्क्रिप्ट एरर देऊन तिथेच थांबली असती. नेमका गोल भाव नडला.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे इझइन्स्टन्स, म्हणजे आलेली गोष्ट आकडा आहे की मजकूर हे विचारणारं पायथनचं अंगचं फंक्शन. काही इन्स्टॉल करायला नको, एका ओळीत काम. पण प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी ती ओळ लिहायची आठवण आपणच ठेवायची. शिवाय पायथनमध्ये 'ट्रू' ('खरं' ही किंमत) हाही पूर्णांकच धरला जातो, म्हणजे वजनाच्या जागी ट्रू आलं तर तपासणी पास आणि पट्टीत एक क्विंटल. हीच तपासणी असर्टने (अट खोटी निघाली तर स्क्रिप्ट थांबवणारी ओळ) करत असाल तर सोडा. पायथन 'ओ' पर्यायाने चालवलं की असर्ट गळून पडतात.

टाइप हिंट, म्हणजे कुठे आकडा हवा, कुठे मजकूर हे कोडमध्ये लिहून ठेवायच्या खुणा, २०१५ च्या पायथन ३.५ पासून नीट रुळल्या. पुष्कळांची समजूत अशी की वजनापुढे 'इंट' (पूर्णांक) लिहिलं की पायथन मजकूर आत घेणार नाही. घेतो, बिनबोभाट. हिंट वाचायचं काम मायपाय या वेगळ्या तपासणी साधनाचं, आणि तो कोड न चालवताच तपासतो. दोघं-तिघं मिळून लिहीत असाल तर मायपाय हवाच. पण काट्यावरच्या फाइलमध्ये काय भरलंय हे त्याला कधीच दिसत नाही, त्यामुळे फाइलमधल्या चुकीच्या नोंदी त्याला पकडता येत नाहीत.

म्हणून मी पायडॅन्टिक ही पायथनची लायब्ररी घेतली. ते डेटा आत येतानाच अडवतं: "१२" हा मजकूर असला तरी आकडा करून घेतं, "१२ क्विं." आलं तर नकार. उलट मजकुराच्या रकान्यात आकडा आला तर आपणहून बदलत नाही, तो लॉट नंबरसाठी फायद्याचाच स्वभाव. दहा ओळींच्या स्क्रिप्टला मात्र हे ओझं आहे, तिथे इझइन्स्टन्स पुरे.

आता मुनीमजींनी वजनापुढे "क्विं." लिहिलं की कितव्या नोंदीत चूक आहे ते स्क्रीनवर येतं. ते पुसतात आणि पुन्हा चालवतात.