शेकोटी पेटवायला काडेपेटी की चकमक सळई?
मुलांच्या गटाला शेकोटी शिकवताना हाती काडेपेटी द्यावी की फेरोसेरियमची (घासल्यावर ठिणग्या पाडणाऱ्या मिश्रधातूची) चकमक सळई, असा प्रश्न नव्या शिबिरप्रमुखांना नेहमी पडतो. काडेपेटी स्वस्त, यात वाद नाही. टिकाऊपणात मात्र सळई फार पुढे आहे: काडीचा गुल ओलावला की ती निकामी होते, तर सळई पाण्यातून काढून पुसली तरी तिच्यातून सुमारे 3000 अंश सेल्सिअसच्या ठिणग्या पडतात.

खरा फरक मेहनतीत आहे. काडीची ज्योत बारीक काटक्यांनाही धरते. ठिणगीला मात्र पिंजलेला कापूस किंवा चुरगळलेले कोरडे गवत लागते, आणि सळईवर घासायची धातूची पट्टी स्थिर धरून सळई मागे ओढली नाही, तर हाताच्या धक्क्याने रचलेले जळणच विस्कटते. म्हणूनच सळईवर शिकणारी मुले जळण निवडण्यात अधिक काटेकोर होतात, असे माझे मत आहे. काडीने बोटे भाजतात, सळईच्या ठिणग्या दूर उडतात. पाण्याची बादली दोन्ही वेळी जवळ हवीच.

एका संध्याकाळपुरत्या जमलेल्या नवख्या गटाला काडेपेटी योग्य. अनेक दिवसांच्या शिबिरात, विशेषतः दमट हवेत, मोठ्या मुलांना सळई शिकवावी आणि हवाबंद डबीत काड्या राखून ठेवाव्यात.