भोसरीच्या जॉबवर्क शॉपसाठी क्लाउड अकाउंटिंग: वर्षभराहून जास्त वापरानंतरचा अनुभव

डेमोमध्ये सगळीच क्लाउड अकाउंटिंग (इंटरनेटवर चालणारी हिशेबाची) सॉफ्टवेअर विक्रीचं बिल बनवून दाखवतात. लोगो येतो, क्यूआर कोड येतो, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. बिल बनवणं ही कुठल्याच पॅकेजची अडचण नाही. लहान उद्योगाचा पैसा अडकतो तो खरेदीच्या नोंदींत आणि मालासोबत जाणाऱ्या-येणाऱ्या चलनांत, म्हणून पारख तिथेच करायला हवी.

हा अनुभव भोसरी एमआयडीसीतल्या सीएनसी मशिनिंग शॉपचा आहे. उलाढाल पाच कोटींच्या आत. थोडा स्वतःचा माल, बाकी सगळं जॉबवर्क, म्हणजे ग्राहकाच्या मालावर मजुरीने काम. प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंट बाहेरून. आधी एकाच कॉम्प्युटरवर टॅली होतं. खाली लिहिलेल्या उणिवा ट्रायल घेतलेल्या बहुतेक पॅकेजमध्ये कमीजास्त दिसल्या, त्यामुळे इथे कुणा एकाचं नाव नाही.

विक्रीत दोनच गोष्टी बघा. जीएसटीत बिल नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा चालतो, त्यामुळे शाखा, वर्ष, महिना असं सगळं प्रीफिक्समध्ये कोंबू नका. दुसरं, ड्राफ्ट डिलीट केल्यावर नंबर कायमचा गळतो का, ते तपासा. गळत असेल तर जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नच्या तक्ता १३ मध्ये जारी आणि रद्द बिलांचा हिशेब दर महिन्याला हाताने जुळवावा लागतो. चाकणच्या मोठ्या ग्राहकांना बिलावर पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर, व्हेंडर कोड आणि त्यांचा पार्ट नंबर लागतोच. त्यासाठी वेगळी फील्ड प्रत्येक ओळीवर मिळतात की फक्त बिलाच्या डोक्यावर, हे विचारून घ्या. एका बिलात तीन पीओ असले की फरक कळतो.

आता जॉबवर्क, कारण बहुतेक पॅकेज इथेच गडबडतात. ग्राहकाचे ५०० पीस चलनावर आले. ४८० मशिनिंग होऊन गेले, १२ रिजेक्ट, ८ शिल्लक. हा माल आपल्या मालकीचा नाही. पण साध्या पॅकेजमध्ये तो आत घेतला की स्टॉकच्या किमतीत धरला जातो आणि ताळेबंद फुगतो. आमचा उपाय असा: ग्राहकाच्या मालासाठी वेगळं गोडाऊन, त्यातल्या आयटमची किंमत शून्य, आणि बिल मात्र सेवेच्या आयटमवर. अडचण ही की एकापेक्षा जास्त गोडाऊनची सोय अनेकदा वरच्या प्लॅनमध्येच असते. ते आधी विचारा, नाहीतर पैसे भरल्यावर कळतं.

आपला माल प्लेटिंगला जातो तेव्हा उलटा प्रश्न. कायद्याने तो एका वर्षात परत यायला हवा, नाहीतर पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरून कर लागतो. म्हणजे शिल्लक चलनवार दिसली पाहिजे, नुसती पार्टीवार चालत नाही. ट्रायलमध्ये एकच चाचणी घ्या: एका चलनावर २०० पीस पाठवा, ते ९०, ७० आणि ३५ असे तीन वेळा परत घ्या आणि उरलेले ५ त्याच चलनाखाली दिसतात का बघा. हाच अहवाल पुढे आयटीसी-०४ या जॉबवर्कच्या जीएसटी विवरणपत्राला लागतो. पाच कोटींच्या आत ते वर्षातून एकदा, २५ एप्रिलपर्यंत भरायचं असतं. आमच्याकडे हा अहवाल एक्सेलमध्ये काढून थोडा दुरुस्त करावा लागतो. पूर्ण तयार काही मिळत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले आणि मशिनिंगसारखं जॉबवर्क १२ वरून १८ टक्क्यांवर गेलं, तेव्हा आयटम मास्टरची (सॉफ्टवेअरमधल्या आयटम आणि दरांच्या यादीची) खरी परीक्षा झाली. मास्टरमध्ये थेट दर बदलला की जुन्या १२ टक्क्यांच्या बिलावरची क्रेडिट नोटसुद्धा १८ टक्क्यांनी बनते. जुना आयटम तसाच ठेवून नव्या दराचा नवा आयटम उघडणं सुरक्षित. ज्या पॅकेजमध्ये दराला 'या तारखेपासून लागू' अशी नोंद करता येते, त्याला आमचं एक मत जास्त.

स्क्रॅपकडे कुणी बघत नाही. बोरिंग-टर्निंगचा भुसा विकताना, १० ऑक्टोबर २०२४ पासून, करार अडीच लाखांच्या वर असेल तर नोंदणीकृत खरेदीदार २ टक्के जीएसटी टीडीएस कापतो. बँकेत रक्कम कमी येते आणि सॉफ्टवेअर ती 'येणे बाकी' दाखवत राहतं. त्यासाठी 'जीएसटी टीडीएस येणे' असं वेगळं लेजर (खातं) उघडा. पोर्टलवर ती रक्कम स्वीकारून कॅश लेजरला आली की मग ते मिटवा.

खरेदीत सगळा जीव टू-बी शी (जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) मेळ घालण्यात आहे. टू-बी १४ तारखेला तयार होतं, मासिक थ्री-बी ची (जीएसटीआर-३बी, कर भरायच्या रिटर्नची) मुदत २०. हातात दिवस थोडेच. न जुळण्याचं नेहमीचं कारण चोरी नसतं. आपण '४५' टाइप केलेलं असतं आणि पुरवठादाराने '००४५/२५-२६' भरलेलं असतं. बिलावर छापलाय तसाच नंबर टाइप करायचा, हा ऑफिसातला नियम कुठल्याही फीचरपेक्षा जास्त उपयोगी पडला. तरी नंबर थोडा वेगळा असताना जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी नंबर) आणि रकमेवरून संभाव्य जोडी सुचवणारं पॅकेज घ्या. तिमाही रिटर्न भरणाऱ्या पुरवठादाराने मधल्या महिन्यात बिल अपलोड केलं नाही, तर ते तिमाही संपल्यावरच दिसतं. अशा पार्ट्यांना टॅग लावून ठेवला की दर महिन्याचे फोन वाचतात.

व्हेंडर मास्टरमध्ये (पुरवठादारांच्या यादीत) उद्यम नंबर, म्हणजे लहान उद्योगांचा सरकारी नोंदणी नंबर, आणि 'सूक्ष्म' की 'लघु' हा वर्ग भरून ठेवा. आयकराच्या नियमाप्रमाणे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) अशा उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला आणि रक्कम मार्चअखेर बाकी राहिली, तर त्या वर्षी खर्च म्हणून वजावट मिळत नाही. देण्यांचा अहवाल या वर्गाने गाळता आला नाही, तर मार्चमध्ये सीएंच्या ऑफिसातून फोनवर फोन येतात.

बँक फीडची (बँकेतले व्यवहार आपोआप सॉफ्टवेअरमध्ये येण्याची) जाहिरात मोठी असते, पण पुण्यात अनेक उद्योगांची खाती सहकारी बँकांत आहेत आणि तिथे फीड मिळेलच असं नाही. मग स्टेटमेंट अपलोड करायचं. इथे दोन खड्डे आहेत. तारखेचा क्रम चुकीचा निवडला तर ०५/०४ चं ४ मे होतं आणि १३ तारखेपासूनच्या ओळी नाकारल्या जातात. दुसरा खड्डा म्हणजे आधीच्या स्टेटमेंटचे शेवटचे दिवस पुन्हा अपलोड होणं, त्याने जमा रक्कम दोनदा दिसते. प्रत्येक अपलोडनंतर शेवटची शिल्लक पासबुकाशी ताडून बघा.

गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघालं की राउटर बंद. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागतं, पण गाडी गेटवर उभी असेल तर थांबायला वेळ नसतो. म्हणून वेगळ्या सिरीजचं छापील चलन बुक ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या सिरीजची हाताने नोंद करता येते हे पाहून घ्या. दिवसभर काउंटरवर बिलं फाडणाऱ्या दुकानदाराने मात्र ऑफलाइन चालणारंच घ्यावं.

सगळ्यात मोठा फायदा सीएंच्या बाजूने झाला. सदाशिव पेठेतल्या ऑफिसात बसून ते थेट नोंदी बघतात, पेनड्राइव्हची ये-जा संपली. सीएंचा लॉगिन मोफत आहे की एक युजर खातो, ते विचारा. थ्री-बी भरलं की त्या महिन्याला लॉक लावा, नाहीतर कुणीतरी जुनं बिल उघडून 'दुरुस्त' करतं. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर बंद करता न येणारा एडिट लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद (१ एप्रिल २०२३ पासून), आणि भारतातल्या सर्व्हरवर रोजचा बॅकअप बंधनकारक आहे. विक्रेत्याकडून दोन्ही लेखी घ्या.

डेटा हलवायला १ एप्रिल उत्तम. ओपनिंग बॅलन्स पार्टीच्या एकूण रकमेने आणू नका, बिलवार आणा, कारण एकूण रकमेवर ना वयवार (किती दिवसांची जुनी) येणी दिसतात ना ४५ दिवस मोजता येतात. एकाच पार्टीची दोन लेजर जीएसटीआयएनवरून शोधून आधी एकत्र करा. न वटलेले चेक आणि प्लेटिंगवाल्याकडे पडलेला माल यांचीही वेगळी यादी लागते.

आणि बाहेर पडायची वाट पहिल्याच दिवशी तपासा. इन्ट्यूटसारख्या मोठ्या कंपनीनेही भारतातलं क्विकबुक्स २०२३ मध्ये बंद केलं, तर जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. दर महिन्याला डे बुक, लेजर, विक्री-खरेदी रजिस्टर आणि चलनांचा अहवाल एक्सेलमध्ये उतरवा. खरेदी बिलांना जोडलेले स्कॅन बऱ्याच पॅकेजमध्ये एकगठ्ठा डाउनलोड होत नाहीत, एकेक उघडून काढावे लागतात. म्हणून स्कॅन आधी आपल्या हार्ड डिस्कवर महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवायचे, मग सॉफ्टवेअरला जोडायचे.