कळ्यांचा लोकरी स्कर्ट: पाच महिने, तीन अस्तरं

जानेवारीतली सकाळ, ऑफिसच्या लिफ्टसमोर उभी होते आणि माझा स्कर्ट माझ्याच अंगावर चढत होता. वारा नाही, काही नाही, आपला आपणच. सबवेतून बाहेर पडून सातेक मिनिटं चालले असेन, तेवढ्यात सगळा घेर गोळा होऊन गुडघ्यांच्या मध्ये अडकला. खाली ओढायला हात लावला तर तड्‌कन ठिणगी. मागे दोन सहकारी होते, त्यांनी भल्या मनानं फोनमध्ये डोकं घातलं. टोरोंटोत उणे बारा, आणि मला घाम.

बाकी स्कर्ट साधाच. सहा कळ्या (वर अरुंद, खाली रुंद अशा उभ्या पट्ट्या), डाव्या बाजूला चेन, कमरेला बकरम (आतलं ताठ कापड) घातलेला बेल्ट, म्हणजे १९४० च्या दशकातली ठेवण. ब्रिटनमध्ये युद्धाच्या टंचाईमुळे १ जून १९४१ पासून कपडे रेशनच्या कूपनावर गेले, पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं. कळ्यांचा स्कर्ट अशा दिवसांना शोभणारा: वर अंगासरसा, खाली चालण्यापुरता घेर, चुण्यांत कापड जात नाही. १२ फेब्रुवारी १९४७ ला फॅशन डिझायनर दिओरनं पॅरिसमध्ये मीटरच्या मीटर कापडाचे घेरदार स्कर्ट दाखवले, ते दिसायला सुंदर. पण माझा जीव ४१ सालातलाच आहे. फक्त लांबी मी वाढवली, पिंढरीपर्यंत. तेव्हाचे गुडघ्याच्या जरा खाली संपायचे, आणि इथल्या थंडीत बुटाची वरची कड आणि स्कर्ट यांच्यामधली उघडी पट्टी काय भोगते ते मला विचारा.

कापड फुकटचं. बाबांना लग्नात आलेला सूटपीस, करडा, बारीक पांढऱ्या रेघांचा, मिरजेच्या घरी ट्रंकेत डांबरगोळ्यांत तीसेक वर्षं पडून होता. किनारीवर ‘प्युअर वूल’ छापलेलं होतं, तरी एक धागा जाळून पाहिलाच. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली; टेरिलिन, म्हणजे पॉलिएस्टर, असतं तर कडक गोळी झाली असती. तीन मीटरांतलं दोन मीटर लागलं. प्रत्येक कळीच्या बरोबर मधून रेघ सरळ जाईल असं कापलं, आणि त्याचं फळ शिवल्यावर दिसलं: दोन कळ्यांच्या शिवणीवर रेघा येऊन माशाच्या काट्यासारख्या जुळतात. हे मी योजलं होतं असं लोकांना सांगते. खरं म्हणजे इस्त्री करताना मलाच पहिल्यांदा दिसलं.

कळ्यांच्या कडा तिरक्या, त्या लोंबतात. म्हणून खालची घडी घालण्याआधी दोन दिवस दाराला टांगून ठेवला. शिवणींपाशी पाऊण इंच खाली आला होता. तो कापून सारखा केला, मग हातानं हेम.

आता अस्तर. इथे मी हात आखडला. कापड फुकट मिळालंय तर अस्तराला कशाला पैसे, असं म्हणून क्वीन स्ट्रीट वेस्टवरच्या एका दुकानातून चार डॉलर मीटरचं पॉलिएस्टर आणलं. ऑक्टोबरात काही त्रास नव्हता. उलट ‘बघा, सात डॉलरात काम झालं’ असं मी दोघींना ऐकवलंही. डिसेंबरात हीटिंग जोरात सुरू झालं, हवा कोरडी ठक्क झाली आणि तडतड चालू झाली. मी आधी लोकरीला दोष दिला. मग पायांना क्रीम चोपडलं. मग घेराच्या आतून सेफ्टी पिन लावली, तिनं अर्धा दिवस निभावतं, बरं का. पण मूळ दुखणं जोडीचं होतं. नायलॉनचे टाइट्स आणि पॉलिएस्टर एकमेकांवर घासले की एकाकडे धन भार जातो, दुसऱ्याकडे ऋण. मग ते चिकटणारच. वर पॉलिएस्टर ओल जवळजवळ धरतच नाही, त्यामुळे साठलेला भार जायला वाट नाही.

व्हिडिओ कॉलवर आत्याला दाखवलं. तिनं चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेत.

“अगं, अस्तर कसलं लावलंयस हे? छत्रीचं?”

“स्वस्त होतं गं आत्या.”

“मग भोग आता. उसव आणि सुती लाव.”

उसवलं. घरात ब्लाउजांसाठी आणलेलं रुबिया टू बाय टू हे सुती कापड होतं, म्हणजे पुन्हा फुकट. पाण्यातून काढून, वाळवून, लावलं. ठिणग्या गेल्या! दोन दिवस मी आत्याची भक्त. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की स्कर्ट अजून चढतोच आहे. आता वीज नाही, पण सूत टाइट्सला धरून ठेवतं, पाऊल टाकलं की वर सरकतं. आत्याला कळवलं, तर म्हणाली, “साडीखाली टाइट्स घालतं का कोणी?” झालं.

शेवटी सोळा डॉलर मीटरचं बेंबर्ग नावाचं अस्तराचं कापड आणलं. हे कापसाच्या सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून करतात, जपानची आसाही कासेई कंपनी. गुळगुळीत रेशमासारखं, आणि नेहमीच्या हवेत वजनाच्या अकराएक टक्के ओल धरतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पावणेदोन मीटरचे अठ्ठावीस डॉलर देताना पोटात गोळा आला. फेब्रुवारीत लावलं, खाली स्कर्टच्या हेमला न जोडता मोकळं सोडलं. तेव्हापासून स्कर्ट जागचा हलला नाही.

ऊब? सूटाचं कापड पातळच, आत जाड टाइट्स लागतातच. पण वारा अडतो. रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग घेराला पडतात, व्हिनेगर-पाण्याच्या फडक्यानं जातात. चेन एकदा अडकली, मेण चोळलं.

तर हिशोब: कापड शून्य, अस्तरं पस्तीस डॉलर, त्यातले सात वाया. वाया असंही नाही म्हणा. उसवलेलं पॉलिएस्टर टाकवेना, त्याचं मशीनला कव्हर शिवलंय. रात्री दिवा घालवून ओढलं की अजून तडतडतं.