शेरा वहीत लिहावा की व्हॉट्सॲपवर पाठवावा?

तिसरीचा वर्ग नव्याने हाती आलेल्या एका ताईंनी विचारलं, "मुलांच्या वागण्याबद्दल घरी कळवायला वही बरी की व्हॉट्सॲप?" मी दोन्ही वापरलंय.

खर्चात फार फरक नाही. शंभर पानी वही वर्षभर पुरते. व्हॉट्सॲप फुकट, पण बऱ्याच घरांत मोबाइल बाबांकडे असतो. निरोप आईपर्यंत पोहोचेलच असं नाही.

वेळ वहीला जास्त लागतो. तीस वह्यांत रोज लिहिणं जमत नाही, म्हणून मी दिवसाला पाच-सहाच घ्यायचे. आठवड्यात सगळ्यांची पाळी येते आणि मग चांगलंही लिहिलं जातं: "आज डबा विसरलेल्या मैत्रिणीला अर्धी पोळी दिली." हे फार मोलाचं आहे. नुसत्या तक्रारीच गेल्या तर मूल वही लपवतं, नाहीतर सही स्वतःच ठोकतं.

खाजगीपणाबाबत माझं मत ठाम आहे. एका मुलाची खोडी वर्गाच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे त्याला चारचौघांत उभं करणं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे.

तेव्हा सुट्टी, सहल, पालकसभा यांसाठी ग्रुप. हळूहळू बदलायच्या सवयींसाठी वही. मारामारी, दुखापत असेल तर थेट फोन करा. आणि पालकांना वाचता येत नसेल, तर शाळा सुटताना फाटकाशी दोन मिनिटं बोला. तिथे वही आणि व्हॉट्सॲप दोन्ही कमी पडतात.