मागच्या सीटसाठी हवेची गादी की जेलची?

गुहागर ते मालवण असा किनाऱ्याचा पल्ला मोटारसायकलवरून गाठताना मागे बसणाऱ्याचे हाल बहुधा सीटमुळेच होतात, कारण अनेक गाड्यांची मागची सीट अरुंद असते आणि तिथला फोम दबला की खालचा कठीण भाग टोचू लागतो. यावर उपाय म्हणून सीटवर वेगळी गादी बांधतात: हवा भरलेली किंवा जेलची, म्हणजे आत मऊ, लिबलिबीत पदार्थ असलेली. जेलची गादी पातळ असल्याने बसण्याची उंची फारशी वाढत नाही. मात्र उन्हात उभ्या गाडीवर जेल तापते आणि लवकर निवत नाही, हा कोकणातल्या एप्रिल-मे महिन्यांत मोठाच दोष ठरतो. हवेच्या गादीचे कप्पे आतून जोडलेले असल्याने भार एका जागी न राहता पसरतो, शिवाय कप्प्यांमधल्या फटींतून वारा खेळल्यामुळे घाम कमी साचतो. हवा मात्र बेताचीच भरावी. टम्म फुगवलेल्या गादीवर माणूस डुलतो आणि वळणावळणाच्या घाटीत ते चालवणाऱ्यालाही जाणवते. तवसाळहून जयगडला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी चढवली की थोडी हवा सोडून किंवा भरून बेत जमवता येतो, ही सोय जेलमध्ये नाही. पंक्चरचा धोका धरूनही माझा कौल हवेच्या गादीलाच आहे. पावसाळ्यात दोन्हींवर पाणी न झिरपणारे आवरण अर्थातच हवे.